कुत्रा कोणाच्या हाती द्यावा?

ज्या व्यासपीठावरून तत्त्वज्ञान, राज्यकारभार आणि अर्थकारण यांची चर्चा व्हावयाची, तेथे कुत्रे फिरविणाऱ्या माणसाची निवड हा विषय निघाला म्हणजे काही श्रोत्यांच्या मुद्रेवर स्मित उमटावे हे साहजिक आहे. तथापि विषय लहान दिसतो म्हणून तो क्षुल्लक असतोच असे नाही. पहाटे सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रामदासपेठ किंवा सेमिनरी हिल्सच्या बाजूने एक फेरी मारून यावी; हातात दोन-दोन दोऱ्या धरून कुत्र्यांमागे ओढली जाणारी तरुण मुले दिसतात. ती कुत्री त्या मुलांची नसतात. महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर ती कोणाच्या तरी घरून नेलेली असतात आणि तासाभराने परत पोचवावयाची असतात. या तासाभरात आपण आपल्या घरातला एक जीव, आणि अनेकदा घराची किल्लीसुद्धा, एका परक्या माणसाच्या स्वाधीन करतो. हा व्यवहार कसा करावा, याचा विचार करण्यास एक व्याख्यान खर्ची पडले तर ते वाया गेले असे आम्हांस वाटत नाही.

ही गरज आपल्याकडे तशी नवी आहे. जुन्या महालात, इतवारीत किंवा बर्डीवर वाड्याच्या दारात जे कुत्रे असे, त्याला कोणी फिरवून आणीत नसे. ते आपले आपण गल्लीत हिंडे, शिळी पोळी खाई आणि रात्री ओसरीपाशी येऊन पडे. पुढे वाडे गेले, त्यांच्या जागी ‘फ्लॅट स्कीम’ उभ्या राहिल्या आणि कुत्रा तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेला. घरची मिळवती माणसे सकाळीच बाहेर पडतात. पुष्कळ घरी तर ज्या मुलाने हट्ट करून पिल्लू आणविले तो नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला किंवा थेट अमेरिकेला गेला, आणि तीस किलो वजनाचा लॅब्रॅडॉर सत्तरी गाठलेल्या आईवडिलांपाशी राहिला. मांजर दिसताच या कुत्र्याने एक हिसका द्यावा आणि म्हाताऱ्या माणसाने मांडीचे हाड मोडून घ्यावे, हे कोठेही घडू शकते. अशा घरी फिरविणारा माणूस ठेवणे ही चैन राहत नाही.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. १९६० साली झालेल्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमात प्राण्यांना क्रूरपणे वागविण्याचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत एक असा आहे की, नेहमी साखळीला बांधलेल्या अथवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेशी हालचाल घडविली नाही, किंवा दुसऱ्याकडून घडवून घेतली नाही, तर तो अपराध होय. पहिल्या अपराधाला दंड दहा ते पन्नास रुपये. आजच्या मानाने ही रक्कम हास्यास्पद आहे. पण ‘दुसऱ्याकडून घडवून घेणे’ ही सोय कायद्याने त्या वेळीच मान्य केली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणजे कर्तव्य मालकाचे. हात दुसऱ्याचे चालतील. मग हे हात कोणाचे असावेत, एवढाच प्रश्न उरतो.

परक्याच्या हाती जनावर सोपविण्याचा व्यवहार आपल्या खेड्यांना मात्र मुळीच नवा नाही. आपल्या विदर्भात गावाची गुरे चारावयास नेणाऱ्याला ढोरकी म्हणतात. सकाळी गाई-म्हशी त्याच्या स्वाधीन करावयाच्या आणि दिवे लागण्याच्या सुमारास परत घ्यावयाच्या, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. येथे गाय मुकी आणि मालक घरी. तरीही ढोरक्याने दिवसभर काय केले हे मालकाला कळत असे. गाय पोट भरून आली की खपाटीला गेलेल्या पोटाने आली हे डोळ्यांना दिसे, आणि रात्री दुधाच्या भांड्यात त्याचा पडताळा मिळे. शिवाय ढोरकी गावातलाच. त्याचा बाप कोण आणि भाऊ काय करतो, हे सर्वांस ठाऊक. शहरातल्या कुत्र्याच्या बाबतीत ही दोन्ही मापे नाहीशी झाली आहेत. कुत्रा दूध देत नाही, आणि फिरविणारा मुलगा कोणत्या वस्तीतून येतो हे अनेक मालकांना वर्ष उलटले तरी माहीत नसते. कुत्रा तासभर चालला, की कोपऱ्यावरच्या पानठेल्याला बांधून ठेवला गेला, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते.

अर्थशास्त्रज्ञांनी या अडचणीचा विचार केलेला आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन पंडितांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मोटारीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा चांगल्या मोटारीलाही वाईट मोटारीचाच भाव देऊ करतो आणि चांगला माल हळूहळू बाजारातून निघून जातो, असे त्याचे सार आहे. या विचारसरणीबद्दल ॲकरलॉफ यांना २००१ साली दोघा सहकाऱ्यांसह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७३ साली डार्बी आणि कार्नी या दोघांनी आणखी एक पायरी पुढे जाऊन दाखवून दिले की, काही सेवा अशा असतात ज्यांचा बरेवाईटपणा त्या उपभोगल्यानंतरही नीटसा कळत नाही. मोटार दुरुस्त करणाऱ्याने सांगितलेला भाग खरोखरच बदलावयास हवा होता काय, हे आपल्याला पैसे दिल्यानंतरही समजत नाही. कुत्रे फिरविणे हे काम याच जातीचे आहे. किंबहुना येथे अडचण दुप्पट आहे; कारण पैसे देतो मालक, सेवा घेतो कुत्रा, आणि ज्याला सेवा मिळाली त्याला बोलता येत नाही.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे मालक लोक फिरविणाऱ्यात जे गुण शोधतात त्यांचा उलगडा होतो. वक्तशीरपणा, प्रामाणिकपणा, कुत्र्यांची आवड, ओळखीच्या माणसाची शिफारस, रोज छायाचित्र पाठविण्याची तयारी, ही सारी त्या न दिसणाऱ्या एका तासावर प्रकाश पाडण्याची साधने आहेत. त्यांतील कोणते साधन कितपत भरवशाचे आहे, हे आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. बहुतेक मालक पहिला प्रश्न ‘किती घेणार?’ असा करतात आणि दुसरा ‘किती वाजता येणार?’ असा करतात. आमच्या मते नागपुरात तरी हा क्रम उलटा असावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, आणि नवतपा म्हणजे काय हे येथे कोणाला समजावून सांगावयास नको. माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ केवळ पायांच्या तळव्यांना येतो. आपल्या शरीरातली उष्णता त्याला मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकूनच घालवावी लागते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले की उष्माघात होतो आणि थोड्याच वेळात जिवावर बेतते. त्यातही पगसारख्या बसक्या नाकाच्या जातींना धापा टाकणेच नीट जमत नाही. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि घरोघरी ती हौस शिरली. पण ज्या नाकाचे आपल्याला कौतुक, तेच नाक विदर्भाच्या उन्हात त्याचा घात करते. हस्की आणि सेंट बर्नार्ड हे तर बर्फातले प्राणी. त्यांची दुहेरी लव येथे कशी सोसत असेल याची कल्पना केलेली बरी.

म्हणून मे महिन्यात सकाळी सहाला येणारा मुलगा आणि साडेआठला येणारा मुलगा यांत केवळ वक्तशीरपणाचा फरक नसतो. साडेआठला डांबर तापू लागलेले असते. संध्याकाळीही सूर्य मावळला म्हणजे रस्ता निवला असे होत नाही. दिवसभर साठविलेली आच तो कितीतरी वेळ बाहेर टाकीत राहतो. याची एक सोपी परीक्षा आहे. हाताचा उलटा पंजा रस्त्यावर टेकवावा आणि सात अंक मोजावेत. तेवढा वेळ हात ठेववत नसेल तर कुत्र्याचे तळवेही तेथे ठेवू नयेत. फिरविणाऱ्याला निवडताना आपण त्याला एवढेच विचारावे की, ‘उन्हाळ्यात तू काय निराळे करतोस?’ जो ‘काही नाही साहेब, रोजच्यासारखेच’ असे म्हणेल त्याने अजून हे काम शिकावयाचे आहे. जो सावलीची बाजू, मातीची वाट आणि पाण्याची बाटली यांची नावे घेईल, त्याला दोन पैसे अधिक द्यावेत.

दुसरी गोष्ट हाताच्या कसबाची. कुत्र्याला आवरणे हे ताकदीचे काम आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते आधी पाहण्याचे काम आहे. समोरून दुसरा कुत्रा येत आहे, कान ताठ झाले आहेत, शेपटी उंच आणि कडक झाली आहे, हे चार पावले आधी ज्याला दिसते तो दोरी सैल ठेवून बाजूला वळतो. ज्याला दिसत नाही तो पुढच्या क्षणी दोन्ही हातांनी ओढीत असतो. गळपट्टा असा हवा की त्याखाली दोन बोटे सहज जावीत. त्याहून सैल असला तर भेदरलेला कुत्रा मागे सरकून मान सोडवून घेतो. दिवाळीत आणि मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी ढोलताशांच्या आवाजाने बुजून कुत्री पळतात ती अशीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीच्या बाजूला कुत्रा घेऊन जाऊ नये, हे ज्याला सांगावे लागत नाही तो खरा नागपूरचा फिरविणारा.

कसबाचाच एक भाग म्हणजे कुत्र्याला हुंगू देणे. किती किलोमीटर चालविले याचा हिशोब मालक मागतात; पण कुत्र्याला अंतराचे कौतुक नसते. त्याचे नाक माणसाच्या नाकापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण असते, आणि दिवसभर चार भिंतींत राहिलेल्या त्या प्राण्याला झाडाच्या बुंध्याशी मिनिटभर थांबणे हे आपल्या सकाळच्या वर्तमानपत्रासारखे असते. त्याला फरफटत नेऊन तीन किलोमीटर पुरे करणाऱ्यापेक्षा दीड किलोमीटर त्याच्या चालीने नेणारा माणूस चांगला.

तिसरी गोष्ट संख्येची. फिरविणाऱ्याला पैसे सुटतात ते एकाच वेळी अधिक कुत्री नेली म्हणजे. यात त्याचा दोष नाही. एकेका घरासाठी स्वतंत्र तास दिला तर त्याचे पोट भरावयाचे नाही. न्यूयॉर्क शहरात हा धंदा रीतसर सुरू करण्याचे श्रेय जिम बक नावाच्या गृहस्थांना दिले जाते. गेल्या शतकाच्या सातव्या दशकाच्या आरंभी अनेक कुत्र्यांचा तांडा घेऊन चालणारे हे गृहस्थ तेथे प्रसिद्ध होते. अर्जेंटिनाच्या ब्यूनोस आयर्स शहरात तर असे तांडे हे रस्त्यावरचे नेहमीचेच दृश्य आहे, आणि तेथे नगरशासनाने एका माणसाबरोबर एका वेळी आठ कुत्र्यांची मर्यादा घातली आहे. आठ हा आकडा त्या शहराला शोभतो. आपल्याकडे पदपथ तुटक, वाहने अंगावर येणारी आणि प्रत्येक चौकात मोकळ्या कुत्र्यांची टोळी. येथे एका माणसाने दोनापलीकडे जाऊ नये, आणि तीही एकमेकांची ओळख असलेली असावीत, असे आम्हांस वाटते. मात्र ज्या मालकाला आपला कुत्रा एकटाच फिरावयास हवा असेल त्याने त्याचा मोबदलाही तसाच द्यावा. स्वस्तात एकट्याची सेवा मागितली की तो मुलगा कोपरा वळल्यावर दुसरी दोरी हातात घेणारच.

मोकळ्या कुत्र्यांचा उल्लेख आला, तेव्हा त्या प्रश्नाला थोडा स्पर्श करणे भाग आहे. २०२२ सालच्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असा आदेश दिला की, भटक्या कुत्र्यांना सार्वजनिक जागी खाऊ घालू नये. ज्याला खाऊ घालावयाचे असेल त्याने कुत्रा रीतसर दत्तक घेऊन, नोंद करून घरी न्यावा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तकाच्या त्या सक्तीला स्थगिती दिली आणि खाऊ घालण्याच्या जागा महापालिकेने ठरवून द्याव्यात असे सांगितले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने प्रभागवार अशा जागा नेमण्याचा आदेश दिला. या वादात कोणाची बाजू बरोबर, हा आजचा विषय नव्हे. फिरविणाऱ्याला एवढे कळले पाहिजे की, जेथे अन्न पडते तेथे टोळी जमते आणि जेथे टोळी जमते तेथून परका कुत्रा नेऊ नये. आपल्या वस्तीतल्या अशा जागा त्याला ठाऊक आहेत काय, हे विचारून पाहावे. दोन वाटा ठाऊक असलेला माणूस एका वाटेवरच्या संकटातून सुटतो.

येथवर जे गुण सांगितले ते थोडे विचारून आणि थोडे पाहून ओळखता येतात. परंतु या सर्वांहून मोठा असा एक गुण आहे, आणि तो ठेवून घेतल्यावर काही दिवसांनीच कळतो. वाईट बातमी आपण होऊन सांगण्याचा गुण तो. कुत्रा गटाराचे पाणी प्याला, काच पायात गेली, रस्त्यावरच्या कुत्र्याने चावा घेतला, दोरी सुटून पाच मिनिटे तो दिसेनासा झाला, ही बातमी ज्याच्या तोंडून दारातच ऐकावयास मिळते, त्या माणसाला जपावे. कारण कुत्रा ती सांगू शकत नाही आणि आपण तेथे नव्हतो. त्या तासाचा साक्षीदार एकच, आणि तोच आरोपीही होण्याचा संभव असलेला. न्यायालयात असा साक्षीदार खरे बोलेल अशी आपण अपेक्षा धरीत नाही. घरी मात्र ती सहज धरतो.

या एका गुणावर किती अवलंबून आहे हे रेबीजवरून समजते. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस किंवा कुत्रा जवळजवळ कधीच वाचत नाही. उलट चावा बसताच उपाय झाले तर माणूस जवळजवळ नेहमीच वाचतो. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ मायस्टर या मुलाला पहिली लस टोचली तेव्हापासून ही वाट मोकळी झालेली आहे. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, विलंब न लावता डॉक्टर गाठावा, लसीचा क्रम पुरा करावा आणि खोल जखमेला डॉक्टर सांगतील ते प्रतिद्रव्यही घ्यावे. पाळीव कुत्र्याला चावा बसला असेल तर त्यालाही लगेच पशुवैद्याकडे न्यावे. या बाबतीत आपण भाग्यवान आहोत; १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आणि पुढे निघालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्य ठिकाण, दोन्ही नागपुरातच आहेत. पण ही सारी विद्या जवळ असून उपयोग काय, जर चावा बसल्याचे कोणी सांगितलेच नाही? दाट लवेखाली दडलेली दाताची खूण मालकाला दिसत नाही. तीच गोष्ट लहान प्रमाणात गोचिडांची. कानामागे चिकटलेली तपकिरी गोचीड ज्याने पाहिली आणि बोलून दाखविली, त्याने कित्येकदा गोचीडतापाचे आजारपण वाचविलेले असते.

आता असा माणूस मिळतो कोठे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, तो निम्मा मिळतो आणि निम्मा आपण घडवावयाचा असतो. ज्या घरी प्रत्येक बारीक गोष्टीवरून आवाज चढतो, औषधाचा खर्च पगारातून कापला जातो किंवा ‘उद्यापासून येऊ नकोस’ हे वाक्य जिभेवरच असते, त्या घरी कोणताही शहाणा मुलगा काही सांगावयाचा नाही. तो कुत्र्याचा पाय पुसून काढील, हसऱ्या तोंडाने किल्ली देईल आणि निघून जाईल. अशा मालकाने रोज दहा छायाचित्रे मागविली तरी त्यांतून सत्य हाती येणार नाही. छायाचित्र दाखविणाराच ठरवितो की काय दाखवावयाचे. यंत्रावर फार विसंबू नये हे तर आपल्या शहरानेच अनुभवले आहे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदविले. सारा देश थक्क झाला आणि मग हवामान खात्याने खुलासा केला की तो यंत्रातला बिघाड होता. अहवाल हवा; पण अहवाल देणारा निर्भय असावा हे अधिक महत्त्वाचे.

दुसरे असे की, लपवाछपवी एकाच बाजूने होते असे समजू नये. आपला कुत्रा पूर्वी कोणाला चावला आहे, मोटारसायकल पाहिली की धावून जातो किंवा गळ्याशी हात नेला की गुरगुरतो, ही माहिती किती मालक आरंभीच देतात? ‘आमचा काही करत नाही हो’ हे वाक्य तर घरोघरी ऐकू येते. भारतीय न्यायसंहितेचे २९१ वे कलम असे आहे की, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत संभवत असता पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्या तासापुरता कुत्रा ज्याच्या ताब्यात, त्याच्यावरही हे ओझे येऊ शकते. ज्याला कुत्र्याचा स्वभाव सांगितलाच नाही, त्याला या ओझ्याखाली लोटणे हा सरळसरळ अन्याय होय. कुत्र्याच्या लसीकरणाचे कार्ड त्याला दाखवावे, कुत्रा अंगावर जाणारा असेल तर मुसके द्यावे, आणि चावल्यास दवाखान्याचा खर्च आपला, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे. हे काम नेहमी करणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच टोचून घेणे हिताचे असते; तिचा खर्च त्याच्या घरांनी मिळून उचलला तर कोणालाच जड जाणार नाही.

व्यवहारात उतरवावयाचे तर क्रम असा ठेवावा. माणूस पहिल्यांदा घरी येईल तेव्हा त्याच्या हाती दोरी देऊ नये. त्याने बसावे, कुत्र्याने त्याच्यापाशी आपल्या पावलांनी जावे. जो लगेच डोक्यावर हात मारावयास धावतो त्यापेक्षा जो स्वस्थ बसून हुंगू देतो तो अधिक जाणता. नंतर तीन-चार दिवस आपण बरोबर चालावे. त्यात तो आपल्यासमोर कसा वागतो हे कळतेच, पण त्याहून कुत्र्याला त्याची सवय होते. पुढे वाटेवरचा चहावाला, चौकीदार, भाजीवाली यांच्याशी अधूनमधून दोन शब्द बोलावेत. ढोरक्याच्या गावाने जी पाळत सहज ठेवली असती ती शहरात अशी उभी करावी लागते. किल्ली देणे शक्य तो महिन्याभराने. आणि एक माणूस पसंत पडला की तो टिकवावा. दर दोन महिन्यांनी नवा चेहरा पाहणारा कुत्रा कोणावरच विश्वास ठेवीनासा होतो. त्यासाठी पगार ठरल्या तारखेला, आठवड्याची सुटी आणि सणाला काही हातावर ठेवणे, एवढे तरी मालकाकडून व्हावे. घरातल्या लहान मुलांनी त्याला ‘कुत्रेवाला’ म्हणू नये. नावाने आणि दादा म्हणून हाक मारावी.

अखेरीस, कुत्र्याचीही साक्ष काढता येते, मात्र ती एका दिवसाची धरू नये. दाराची घंटा वाजताच सैल शेपटी हलवीत तो पुढे येतो, की टेबलाखाली शिरतो. परत आल्यावर शांतपणे पाणी पिऊन झोपतो, की तासभर धापा टाकीत राहतो किंवा मुळीच थकलेला दिसत नाही, हे पंधरा दिवस पाहावे. पंधरा दिवसांच्या या साक्षीला पानठेल्यापाशी झालेल्या चौकशीची जोड मिळाली आणि माणसाने एकदा तरी न विचारता एखादी नकोशी बातमी आणली, म्हणजे निवड पुरी झाली असे समजण्यास हरकत नाही. ती नकोशी बातमी ज्या दिवशी येईल त्या दिवशी मालकाने प्रथम ‘बरे झाले सांगितलेस’ एवढे म्हणावे, आणि मग पशुवैद्याकडे जाण्यासाठी चपला घालाव्यात.